साखरेच्या पोत्यावरचा पत्ता

आमच्या तेलगावात साखर बाहेरच्या देशातून येते असं कुणी सांगितलं असतं, तर आम्ही हसलो असतो. गावाबाहेर पडलं की दोन्ही अंगांनी ऊस, हंगामात रस्त्यावर बैलगाड्यांची रांग आणि हवेत मळीचा वास. तरीही नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, आमच्या किराणा दुकानात पाकिस्तानी साखरेची दोन पोती उतरली. बीडच्या ठोक व्यापाऱ्याने इतर मालाबरोबर पाठवली होती. त्याच्याकडे ती मुंबईहून आली होती आणि मुंबईला जहाजाने.

पांढऱ्या प्लास्टिकच्या पोत्यावर एका बाजूला पुसट झालेलं इंग्रजी होतं आणि दुसऱ्या बाजूला ठळक हिरवं उर्दू. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. अंबाजोगाईला कॉलेज करून परत येऊन दुकानात बसायला लागलो होतो. मला उर्दूचं अक्षर येत नव्हतं. वडिलांना, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, ते येत होतं. निजामाच्या राज्यात त्यांची सातवी उर्दूतून झाली होती. पोलीस अ‍ॅक्शननंतर त्यांनी त्या लिपीत काही लिहिलं नव्हतं. चष्मा सावरत ते पोत्यापुढे वाकले आणि बोट फिरवत वाचू लागले.

"चीनी," ते म्हणाले.

"म्हंजी चीनमधून आली का?" दारातून आवाज आला.

"न्हाई बाई. उर्दूत साखरेला चीनी म्हंत्यात. ही पाकिस्तानातली हाय. खाली कारखान्याचं नाव, गाव, जिल्हा, समदं लिव्हलंय."

दारात उभ्या होत्या गिरणीवाल्या काकू. दुकानाच्या डाव्या हाताला त्यांची पिठाची गिरणी. केसांवर, भुवयांवर, मनगटातल्या काचेच्या बांगड्यांवर कायम पिठाची पूड. वय पन्नाशीच्या अलीकडे. काकूंचा एक स्वभाव सांगायला हवा. त्यांना काहीही दिसलं की ते कसं चालतं हे समजल्याशिवाय चैन पडत नसे. गिरणीची मोटार त्या स्वतः उघडत. गावात पहिला एसटीडी बूथ आला तेव्हा एक फोनही न करता त्या तासभर तिथे बसून मीटर कसा पळतो ते पाहत होत्या. आमच्या दुकानातून नेलेल्या प्रत्येक पुडीचा कागद त्या सरळ करून वाचत, मग तो पाच वर्षांपूर्वीचा का असेना.

त्या दिवशी मात्र त्यांनी पोत्यावरच्या हिरव्या अक्षरांवरून नुसती बोटं फिरवली. मग म्हणाल्या, "तिकडून साखर येती. मग मानूस कावून येत न्हाई?"

अप्पांनी मान खाली घातली. मला कळायला एक क्षण लागला, कारण काकूंच्या नवऱ्याचा विषय गावात कुणी काढत नसे.

ते फौजेत होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एकाहत्तरची लढाई लागली आणि ते पंजाबच्या सीमेवर गेले. टेलिफोनच्या तारा अंथरणाऱ्या तुकडीत त्यांचं काम होतं. लढाई थांबल्यावर तार आली की ते बेपत्ता आहेत. पुढे काही वर्षांनी इंग्रजीतलं पत्र आलं. शाळेतल्या गुरुजींनी ते वाचून अर्थ सांगितला होता: मृत समजण्यात येत आहे. काकूंनी कुंकू पुसलं नाही आणि त्याबद्दल कधी वादही घातला नाही. एकदा एवढंच म्हणाल्या होत्या, "समजण्यात येतंय म्हंत्यात. कुनी समजलं, कसं समजलं, ते कागदात न्हाई."

चार दिवसांनी त्या पुन्हा दुकानात आल्या. गिरणीचा पट्टा उतरवून, भर गर्दीची वेळ सोडून. हातात एक चुरगळलेला कागद होता, आमच्याच रद्दीतला, जिऱ्याच्या वासाचा. त्यात अमेरिका आणि व्हिएतनामबद्दल एक लेख होता. वरचा कोपरा फाटला होता, पण मजकूर शाबूत होता. व्हिएतनामच्या लढाईत बेपत्ता झालेल्या आपल्या सैनिकांचा ठावठिकाणा लावायला मदत करा, तोवर व्यापार नाही आणि दूतावासही नाही, अशी अट अमेरिकेने घातली होती. जवळपास वीस वर्षं व्यापार बंद ठेवला. शेवटी दोन्हीकडची माणसं मिळून जंगलात खोदू लागली, हाडं आणि ओळखपट्ट्या सापडू लागल्या, तेव्हा बंदी उठली. व्हिएतनामचे स्वतःचे बेपत्ता सैनिक त्याहून कितीतरी जास्त होते, असंही शेवटच्या ओळीत होतं.

"हे खरं हाय का लेका?" त्यांनी मला विचारलं.

"खरं असणार काकू. पेपरात मीही वाचलं होतं तेव्हा."

"मग आपन साखर घ्यायच्या आधी कुनी इचारलं का?"

त्यांच्या विचारण्यात तक्रारीचा सूर नव्हता, हे मला आजही लख्ख आठवतं. एखाद्या यंत्राचा कुठला भाग कुठे बसतो ते विचारावं तसं त्या विचारत होत्या. अमेरिकेला जमलं ते कशामुळे? अट कोण घालतं? घातलेली अट पाळली जाते की नाही ते कोण बघतं?

अप्पा व्यापारी माणूस. कपाळावर भस्म लावून पहाटेपासून दुकानात बसणारे. ते सावकाश बोलले, "बाई, व्यापार बंद केला असता तर हे पोतंच आलं नसतं. आज निदान तिकडच्या एका ठिकानाचा पत्ता आपल्या दारात हाय. बंद दारातून कुनाला आवाज देनार?"

"आन् उघड्या दारातून समदे आपापला माल घिऊन जात्यात, तवा कुनी थांबून ऐकतं का?" काकू म्हणाल्या.

हा वाद महिनाभर चालला. रोज थोडा थोडा, दळण आणि गिऱ्हाइकं यांच्या मधल्या फटीत. मी दोघांचं ऐकत असे. ज्याचं ऐकू त्याचं मला पटे.

त्याच थंडीत त्या साखरेवरून जिल्ह्यात ओरड सुरू झाली. बाहेरची साखर आल्याने उसाचा भाव पडतो म्हणून तेलगावच्या चौकात सभा झाली. भागातले एक पुढारी बोलायला आले. बोलणं चांगलं होतं, माणसं टाळ्या देत होती. पाकिस्तानची साखर बंदरातच अडवा, अशी त्यांची मागणी होती. भाषण संपून कुणाला काही विचारायचं आहे का, असं माईकवरून विचारलं, तेव्हा बायकांच्या बाजूला काकू उभ्या राहिल्या. मी दुकानाच्या पायरीवरून बघत होतो. अप्पाही बाहेर आले.

"साहेब, भावासाठी साखर अडवा म्हंता, ते बराबर हाय," त्या म्हणाल्या. "मानसासाठी कधी अडवायची?"

कुणाला काही समजलं नाही. मग त्यांनी चार वाक्यांत सांगितलं: नवरा, तार, पत्र, अमेरिका. पुढारी माईक सोडून खाली उतरले, काकूंपाशी आले. "ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं," ते म्हणाले. "लेखी द्या. मी दिल्लीला पोचवतो." ते मनापासून बोलत होते असं मला वाटलं. आजही तसंच वाटतं.

पण लेखी काय द्यायचं? काकू म्हणाल्या, आधी आपल्याला काय माहीत आहे ते तर बघू. नवऱ्याच्या तुकडीतला एक जण आष्टीचा होता, सुभेदार होऊन निवृत्त झालेला. सत्तावीस वर्षांत त्या त्याला एकदाही भेटल्या नव्हत्या. का, ते त्यांनी मला बसमध्ये सांगितलं. "त्यानं सांगितलं असतं की मेलेलं बघितलं, तर मंग काय इचारनार होते मी?"

संक्रांतीनंतर आम्ही गेलो. तेलगावहून बीड, बीडला गाडी बदलून आष्टी. रस्त्याच्या कडेला बायका ज्वारीची राखण करत होत्या. आष्टीकडचा मुलूख आमच्यापेक्षा कोरडा, गावं अर्धी रिकामी, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली. सुभेदार घरीच होते. उंच, थोडं कमी ऐकू येणारे, अंगात जुना खाकी स्वेटर. त्यांनी काकूंना ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर ते उठून उभे राहिले आणि बसेनात.

"वैनी, मीच यायला पायजे होतं," ते म्हणाले. "दोनदा एसटीत बसलतो. बीडपस्तोर गेलतो आन् परत आलो."

"कावून?"

"सांगण्यासारखं काही बघितलंच न्हवतं. रिकाम्या हातानं कसं यावं?"

त्यांनी जे सांगितलं ते थोडकं होतं. कालव्याच्या पलीकडे आपली एक चौकी होती, तिची तार तुटली. काकूंचे मालक आणि आणखी एक जण तारेचं रीळ घेऊन पहाटे कालवा ओलांडून गेले. दाट धुकं होतं. नंतर तोफा सुरू झाल्या. दुपारी तार जोडलेली सापडली. म्हणजे काम त्यांनी केलं होतं. रीळ सापडलं, पक्कड सापडली. माणसं सापडली नाहीत. ना रक्त, ना बूट. दोन दिवसांनी तो भाग समोरच्यांच्या ताब्यात गेला.

काकूंनी विचारलं, "तार जोडली होती?"

"हो. त्यावरच मी दुपारी बोललो."

मग एकामागून एक प्रश्न. कालवा किती रुंद? पाणी किती? पलीकडे गाव होतं का? सुभेदारांनी कोळसा घेऊन अंगणातल्या फरशीवर नकाशा काढला आणि मी तो वहीत उतरवून घेतला. तो काढता काढता कालव्याच्या अलीकडे, एका विहिरीशेजारी त्यांनी दोन छोट्या रेघा मारल्या आणि थांबले.

"हे काय?" मी विचारलं.

"त्यांच्याकडचे, पाकिस्तानचे दोन जवान. लढाई थांबल्यावर तिथं पडलेले घावले. मी आन् अजून तिघांनी पुरले. तोंडं पश्चिमेकडं केली, एकाला माहीत होतं कसं करत्यात ते. एकाच्या अंगात हातानं विनलेला स्वेटर होता, कोपरापाशी पांढऱ्या लोकरीनं रफू केलेलं. कागद काय असंल ते साहेबाला दिलं. पुढं त्याचं काय झालं मला ठाव न्हाई. मला परत कुनी इचारलं न्हाई."

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. बीड जवळ आल्यावर म्हणाल्या, "लेका, त्या पोत्यावरचा पत्ता अजून हाय ना?"

पोतं रिकामं झालं होतं, पण अप्पांनी छापलेला भाग कापून ठेवला होता. दोन पत्रं करायचं ठरलं. एक दिल्लीला, मराठीत आणि सोबत माझ्या हिंदीत. त्यात काकूंची मागणी होती: ज्या देशाशी मालाची देवाणघेवाण चालू आहे, त्याच्याकडे दर वेळी आधी आमच्या माणसांची चौकशी करावी, आणि त्यांच्या दोन जवानांची माहिती आमच्याकडे आहे, ती त्यांना कळवावी. ही दुसरी ओळ त्यांनी स्वतः घालायला लावली. "नुसतं मागत बसलं तर कोन देईल? आपल्याकडं हाय ते आधी सांगू."

दुसरं पत्र साखर कारखान्याला, उर्दूतून. अप्पांना ते लिहायला तीन दिवस लागले. विसरलेली अक्षरं आठवायला ते शेंगांच्या पोत्यावर बोटाने गिरवून बघत. पहिल्या दिवशी नुसता मायना झाला. लिहिता लिहिता त्यांचा चेहरा बदलत गेला, शाळेतली छडी आणि शाळेतला मित्र दोन्ही आठवत असावेत. पत्रात त्यांनी लिहिलं की आपल्या कारखान्याची साखर आमच्या गावी पोचली, चांगली आहे. आमच्या शेजारणीचा नवरा अमुक साली अमुक कालव्यापाशी हरवला. आपल्या भागात कुणाला काही ठाऊक असेल तर कळवावं. आणि विहिरीशेजारच्या दोघांबद्दल, जेवढं सुभेदारांनी सांगितलं तेवढंच.

पोस्टमास्तरांनी पाकिट उलटसुलट करून पाहिलं. आमच्या पोस्टातून त्या देशाला गेलेलं ते पहिलंच पत्र, असं ते म्हणाले.

दिल्लीहून महिन्याभरात पोच आली. आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे. त्याच सुमारास लाहोरला बस सुरू झाल्याची बातमी आली. आम्ही ती दुकानातल्या टीव्हीवर तिघांनी मिळून पाहिली. काकूंचा प्रश्न होता की त्या बसमध्ये बसायला काय काय कागद लागतात.

एप्रिलमध्ये पाकिट आलं. उघडून पुन्हा चिकटवलेलं. अप्पांनी गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं आणि काकूंना हाक मारली. पत्र कारखान्याच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या एका कारकुनाचं होतं. मॅनेजरसाहेबांनी तुमचं पत्र माझ्याकडे दिलं, त्याने लिहिलं होतं, कारण माझा थोरला भाऊ त्याच लढाईत, त्याच भागात हरवला. तुमच्या माणसाबद्दल मी दोन म्हाताऱ्या फौजींना विचारलं, त्यांना काही ठाऊक नाही, आणखी विचारतो. माझी आई अजून आहे. तिने भावासाठी स्वेटर विणला होता. त्याचा रंग हिरवा होता. कृपा करून विचारून सांगा, तुमच्या सुभेदारसाहेबांनी पाहिलेला स्वेटर हिरवा होता का?

वाचताना अप्पा दोनदा थांबले. दोन्ही वेळा ते शब्द लागत नाही असं म्हणाले.

सुभेदारांना बोलवावं लागलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ आमच्याकडच्या कारखान्यावर ऊसतोडीला होता, हंगाम संपत आलेला, त्याला भेटायला ते आलेच होते. मी त्याच्या कोपीवर, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, जाऊन त्यांना दुकानात घेऊन आलो. पत्र ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"आठवत न्हाई," ते म्हणाले. "चिखलानं भरला होता. काळा म्हना, हिरवा म्हना. पांढरी रफू तेवढी दिसली."

मग अप्पा म्हणाले, "हिरवा लिव्हू. म्हातारी बाई हाय. तिच्या जिवाला थंडावा मिळंल. आपलं काय जातंय?"

मलाही तेच वाटलं होतं. सुभेदारांनीही मान हलवली, हो म्हटलं तरी चालेल अशा अर्थाने.

"न्हाई," काकू म्हणाल्या. एवढ्या हळू की अप्पांनी पुन्हा विचारलं. "हिरवा लिव्हू नका अप्पा. ते 'समजण्यात येतंय' झालं. मला तसलंच पत्र दिलं होतं. यांनी बघितलं तेवढंच लिव्हा. चिखल बघितला तर चिखल लिव्हा. आन् रफू कोपराच्या वर होती का खाली, कुठल्या हाताची, ते लिव्हा. रफू तिनंच केली असंल तर तिला कळंल."

सुभेदारांनी डोळे उघडले. उजवा हात, त्यांनी सावकाश सांगितलं. कोपराच्या खाली, आडवी नव्हे, उभी. हे आपल्याला आठवतं हे त्यांना तोवर माहीत नव्हतं.

अप्पांनी तसंच लिहिलं. सोबत वहीतला नकाशा.

पत्र टाकून पंधरवडा झाला नसेल, कारगिलची बातमी आली. पुढचे दोन-तीन महिने टीव्हीवर शवपेट्या दिसत राहिल्या. गावात कुणीतरी म्हणालं की दुश्मनाशी पत्रव्यवहार करणाऱ्यांची चौकशी होते. अप्पा थोडे धास्तावले, त्यांनी पोत्याचा तुकडा आणि कारकुनाचं पत्र धान्याच्या कणगीत लपवलं. काकू घाबरल्या नाहीत, पण त्या उन्हाळ्यात त्यांची गिरणी बरेचदा बंद असे. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "आता ह्या पोरांच्या घरी पेट्या येत्यात, निदान येत्यात तरी. मला त्यांचा हेवा वाटला रे. मंग लाज वाटली."

उत्तराची आशा सोडली होती तेव्हा, दिवाळीनंतर, ते आलं. छोटं पत्र. कारकुनाने लिहिलं होतं की आईला नकाशा दाखवला, तुमचं वाक्य वाचून दाखवलं. उजवा हात, कोपराच्या खाली, उभी. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या नावाने मृतांसाठीची फातिहा पढायला सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुमच्या माणसासाठी मी तीन गावं फिरलो, एका जुन्या इस्पितळातही विचारलं. काही सापडलं नाही. तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही खरं लिहितो.

काकूंनी ते पत्र अप्पांकडून तीनदा वाचून घेतलं. रडल्या नाहीत. "तिचं झालं," म्हणाल्या आणि दळणाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पाटी घेऊन आल्या आणि अप्पांसमोर बसल्या. त्यांना ती लिपी शिकायची होती. अप्पांचे डोळे मोतीबिंदूने जात चालले होते आणि आणखी पत्रं तर लिहायची होती. अलिफपासून सुरुवात झाली. उजवीकडून डावीकडे लिहिताना त्यांचा हात सवयीने उलटा जाई, मग त्या पुसून पुन्हा लिहीत.

पुढच्या सात-आठ वर्षांत त्यांनी दिल्लीला अकरा पत्रं पाठवली, प्रत्येक वेळी तीच मागणी. प्रत्येकाची पोच आली. व्यापार कधी चालू झाला, कधी बंद पडला. दोन्ही वेळा त्यांचं म्हणणं कुठे बसतं ते मला नीट कळलं नाही. बंद असताना विचारायला कुणी नसे, चालू असताना विचारायला कुणी थांबत नसे. त्यांच्या मालकांबद्दल एक अक्षरही कधी कळलं नाही. कारकुनाला मात्र त्या स्वतःच्या हाताने लिहीत, आणि दोघांची पत्रं तो निवृत्त होईपर्यंत चालली. एकदा त्यांनी मला विचारलं, "लेका, 'चौकशी'ला उर्दूत काय म्हंत्यात?" अप्पा तेव्हा हयात नव्हते. मी शब्दकोश शोधायला बीडला गेलो.